वरचा पट्टा

चुना लावलेले दगड पहिल्यांदा थोरलीला दिसले. ती झऱ्यावरून पाणी घेऊन चढत होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, त्यामुळे मान वर करायची सोय नव्हती. पण वळणावर दम खायला थांबली तेव्हा नजर आपसूक वर गेली. घरामागचा बांध संपतो तिथून पुढं, उतारावर, एका ओळीत पांढरे ठिपके. आधी तिला बगळे वाटले. बगळे हलेनात. घरी येऊन तिनं हंडा उतरवला आणि अंगणात दोरी वळत बसलेल्या सासऱ्याला म्हणाली, "मामा, वरच्या पट्ट्यात कुणीतरी दगड रंगवलेत."

"रंगवू देत," म्हातारा म्हणाला. दोरीचा पीळ संपवून मग तो उठला आणि वर गेला. खाली आला तेव्हा बोटांना चुना लागलेला होता. तो त्यानं मांडीला पुसला.

"ओला आहे अजून," एवढंच म्हणाला.

वरचा पट्टा म्हणजे या घराचं खरं पोट. घराजवळ जो तुकडा होता त्यात मिरच्या, भोपळे आणि थोडं कडधान्य व्हायचं. नाचणी पिकायची ती वर. उतार इतका की तिथं उभ्यानं काम करताना एक पाय नेहमी वाकलेला लागायचा. म्हाताऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं तरुणपणी ते रान साफ केलं होतं. दगड वेचायचे, रचायचे, बांध करायचा; पावसानं बांध फोडला की पुन्हा रचायचा. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. बांध होते.

दोनेक दिवसांनी शिट्टी आला. हा जंगल खात्याचा रखवालदार. दिसायच्या आधी लांबूनच शिट्टी फुंकायचा, म्हणजे मोळी घेऊन निघालेल्या बायांना आडोसा गाठायला सवड मिळायची. पकडायची त्याला हौस नव्हती. तो स्वतः पलीकडच्या डोंगरातला, त्याचीही आई मोळ्या विकत आली होती. त्या दिवशी मात्र तो शिट्टी न वाजवता आला, आणि थोरलीनं तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट आहे.

"आजोबा, चुन्याच्या वर आता औत घालायचं नाही," तो म्हणाला. "जंगलाची हद्द आहे ती."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच होती म्हणतात. मोजणी आत्ता झाली."

म्हाताऱ्यानं त्याला बसायला पोतं टाकलं. शिट्टी बसला नाही.

मग म्हातारा आणि थोरली खाली तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. पहाटे निघून डोंगर उतरले, मग जीप, मग पुन्हा चालणं. कचेरीच्या दारात फरशी ओली होती. पुसणाऱ्या बाईनं "चिखल नको आत," म्हटलं, म्हणून दोघांनी चपला हातात घेतल्या, आणि हातात चपला घेऊनच साहेबासमोर उभे राहिले. साहेब काही वाईट बोलला नाही. त्यानं विचारलं, "तुम्ही तिथं कसत होता याला पुरावा काय?"

"बांध आहेत, साहेब."

"बांध कुणीही घालतं."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "आम्हीच घातलेत," तो म्हणाला.

बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला. साहेबही हसला, पण लगेच आवरलं. अर्ज करा, बघू, म्हणाला. अर्ज केला. बाहेर येऊन म्हाताऱ्यानं पायरीवर बसून चपला घातल्या. एका चपलेचा अंगठा निघाला होता. थोरलीनं पदराचा काठ फाडून तो बांधला. परतीच्या जीपमध्ये जागा नव्हती, तेव्हा दोघं मागच्या दांडीला धरून उभे राहिले. वाटेत म्हातारा एकदाच बोलला. "हसला का गं तो?"

"असंच, मामा. त्यांचं काहीतरी चाललं असेल."

*

घरात कमावता माणूस थोरलीचा नवरा. तो खाली खडी फोडायच्या यंत्रावर होता. त्या यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात गेला आणि दोन बोटं तिथंच राहिली. मालकानं पट्टी बांधून दिली, जीपचं भाडं दिलं आणि "बरं वाटलं की ये," म्हणाला. जखम भरली. पण मूठ वळेना. कुदळ धरली की दांडा फिरायचा. धाकटा भाऊ बायकोला घेऊन शहरात इमारतींवर होता. तो काही पाठवायचा नाही, आणि त्याचंही चुकत नव्हतं, त्यांचंच तिथं भागत नव्हतं. थोरलीची मुलगी वसतिगृहाच्या शाळेत. ती तिथं दोन वेळा जेवते, एवढी एक काळजी कमी.

अर्जाचं काही कळलं नव्हतं. कणगीच्या तळाशी हात घातला की बोटांना माती लागायला लागली, त्याच सुमारास काम निघालं. जंगल खातं डोंगरावर झाडं लावणार होतं. खड्डे खणायला माणसं हवी होती. मुकादम वाडीत येऊन सांगून गेला. रोजचा रोज मजुरी, बायांनाही तीच.

"कुठं खणायचं?" थोरलीनं विचारलं.

"चुन्याच्या वर. सगळा उतार."

ती घरात आली. नवरा उंबऱ्यात बसून चांगल्या हातानं वाईट हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता.

"खड्ड्यांचं काम आहे," ती म्हणाली.

"मग जा की. काम आहे ना, कुणाच्या बापाचं का असेना."

"तुमच्याच बापाचं आहे."

तो वर बघायला लागला. मग त्याला कळलं. बोटं सरळ करायचं काम त्यानं पुन्हा सुरू केलं. "तू नाही गेलीस तर दुसरं कुणी खणेल," तो म्हणाला. "खणणं काही थांबणार नाही."

म्हाताऱ्याला तिनंच सांगितलं. तो रागावेल, काठी आपटेल, निदान उठून तरी जाईल, म्हणून ती जरा लांब उभी राहिली. म्हातारा शेळीच्या खुरातला काटा काढत होता. "टिकाव ने," तो म्हणाला. "कुदळीचा दांडा सैल झालाय."

*

मुकादमानं बायांना ओळीत उभं केलं आणि काठीनं जागा दाखवत गेला. थोरलीच्या वाट्याला मधला भाग आला, म्हणजे नेमकं त्यांचंच रान. त्यानं मुद्दाम दिलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं.

पहिला घाव घातला तेव्हा टिकाव दांड्यापर्यंत आत गेला. बाजूच्या ओळीत ढोली होती, वाडीतलीच शेजारीण, अंगानं काडी, म्हणून सगळे तिला चेष्टेनं ढोली म्हणायचे. तिच्या खालची जमीन पडीक, मुरमाड. तिचा टिकाव दगडावर वाजत होता आणि ठिणग्या उडत होत्या. थोरलीचे खड्डे भराभर होत गेले. दुपारी मुकादम काठीनं खोली मापत आला.

"तुझे बरे झालेत एवढे. माती मऊ लागली वाटतं. नशीब तुझं."

ढोलीनं टिकाव खाली ठेवला. "नशीब कसलं? त्यांचं—"

"अगं, पाणी दे इकडं," थोरली मध्येच म्हणाली. ढोलीनं पाणी पुढं केलं. मुकादम पुढं गेला.

दिवस सरकत गेले. उन्हात माती तापायची आणि खड्ड्यातून वाफ तोंडावर यायची. तळहातावर फोड आले, फुटले, त्यांची कातडी जाड झाली. संध्याकाळी पाठ सरळ करताना कमरेत काहीतरी अडकायचं. मग ती बांधाला हात टेकून थोडी वाकलेलीच उभी राहायची, आणि अडकलेलं सुटलं की खाली निघायची. पुढं टेकायला बांधही राहिले नाहीत. मुकादम म्हणाला, खड्ड्याच्या खालच्या अंगाला दगडांची चंद्रकोर लावायची, म्हणजे पाणी अडतं. दगड लांबून कशाला आणायचे? बांधांचे होतेच. बायांनी बांध उकलले. वरचे दगड सहज निघाले, तळाचे पहारीनं उचकटावे लागले. एका दगडाखाली विंचवाची पिल्लं निघाली. ढोलीनं ती मारली आणि म्हणाली, "यांचंही घर गेलं बघ." दोघीतिघी हसल्या. थोरलीही हसली.

घरी म्हातारा जेवायचा. त्या मजुरीचं धान्य तो खाणार नाही अशी भीती तिला होती. पण तो जेवला आणि ताट धुऊन पालथं घातलं, रोजच्यासारखं. जेवताना विचारायचा, "कुठवर आलात?"

"जांभळापर्यंत."

"तिथला मोठा दगड काढलात?"

"काढला. तिघी लागलो."

"आम्ही दोघं लागलो होतो," तो म्हणायचा, आणि पाणी प्यायचा.

ती वाट बघत होती की तो काहीतरी बोलेल. शिव्या देईल. तू सून नाहीस, वैरीण आहेस असं काही म्हणेल. त्यानं तसं म्हटलं असतं तर तिलाही उत्तर देता आलं असतं. उत्तर तिनं मनात तयार करून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं, आणि पुढं पुढं तिला ते धड आठवेनासं झालं.

*

पाऊस लागायच्या आत रोपं आली, काळ्या पिशव्यांत. सागासारखी काही, काही कुणालाच ओळखू न येणारी. बायांनी पिशव्या फाडल्या, रोपं खड्ड्यात ठेवली, माती दाबली. जंगल खात्याचा साहेब एकदा जीपच्या रस्त्यापर्यंत आला, खालूनच हात कपाळावर आडवा धरून बघून गेला. मग काम संपलं.

पाऊस लागल्यावर म्हातारा सकाळी घरात दिसेनासा झाला. शेळ्यांकडे जातो म्हणायचा, पण शेळ्या गोठ्यातच ओरडत असायच्या. थोरलीनं विचारलं नाही. नवऱ्यानंही विचारलं नाही. एके दिवशी ती भोपळ्याच्या वेलाला काठी लावत असताना वर बघते तर चुन्याच्या दगडांपलीकडे, रोपांच्या मधून मधून, बारीक हिरवं उठलेलं. गवत नव्हतं ते. गवत असं सारख्या रंगाचं उठत नाही. म्हाताऱ्यानं बी फेकलं होतं, खणून भुसभुशीत झालेल्या मातीत, नांगर न घालता, नुसतं हातानं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "केस करतील. घरातल्या सगळ्यांवर. म्हाताऱ्याला आत टाकणार नाहीत, मला टाकतील. थोटा माणूस आत काय करणार?"

"मग मामांना सांगा."

"तू सांग."

कुणीच सांगितलं नाही. नाचणी वाढत राहिली. त्या वर्षी पाऊसही मोजून मापून पडला, ऊन मध्ये मध्ये यायचं, पानं रुंद झाली. म्हातारा आता उघडपणे वर जायचा. रोपांजवळची नाचणी जरा विरळ करायचा, म्हणजे झाडाला हवा लागेल. झाडांवर त्याचा राग नव्हता. एक रोप कललं होतं, त्याला त्यानं काडी बांधलेली थोरलीनं स्वतः पाहिली.

नाचणी गुडघ्याला आली तेव्हा शिट्टी आला. बराच वेळ चुन्याच्या दगडाजवळ उभा राहिला. मग खाली अंगणात आला.

"कुणी पेरलंय?"

"मी," म्हातारा म्हणाला.

थोरलीच्या नवऱ्यानं आतून दार लोटून घेतलं.

शिट्टीनं टोपी काढली, घाम पुसला. "आजोबा, साहेब येणार आहेत बघायला. वरपर्यंत चढणार आहेत म्हणे या वेळी. त्याच्या आधी तण काढायचं काम निघेल. सगळा उतार साफ करायचाय." त्यानं टोपी पुन्हा चढवली. "तण काढून झाल्यावर तिथं काही नसेल तर मला लिहायला काही उरणार नाही. कळतंय ना?"

"कणीस धरायला वेळ आहे अजून," म्हातारा म्हणाला.

"तेवढा वेळ नाही, आजोबा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. शिट्टीला जाताना थोरलीनं पाणी दिलं. तांब्या परत देताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या आईचंही असंच पेरलेलं मी काढायला लावलंय. नोकरी आहे." आणि उतरून गेला. खाली ओढ्याजवळ गेल्यावर शिट्टी वाजली. कुणासाठी वाजवली कोण जाणे. त्या वेळी मोळीला कुणी गेलेलं नव्हतं.

*

तण काढायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. बाया खुरपी, विळे घेऊन चुन्याच्या ओळीशी जमल्या. मुकादमानं पट्टे वाटायला सुरुवात केली. मधल्या पट्ट्याशी आल्यावर तो थबकला. आता त्यालाही दिसत होतं ते काय आहे.

"हे तण आहे," तो म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला. "झाडाशिवाय जे उगवलंय ते तण. कोण घेतंय हा पट्टा?"

बाया जागच्या हलल्या नाहीत. ढोलीनं खुरपं पदराखाली घेतलं. "त्यात मी पाय घालणार नाही," ती म्हणाली. "दुसरं कुठलं पण दे."

"मग घरी जा. माझ्याकडं आवडनिवड नाही."

ढोली घरी जायला वळली. तिच्या घरी काय आहे ते थोरलीला माहीत होतं. एक आजारी नवरा आणि दोन तोंडं. आणि तिच्या जागी मुकादम दुसऱ्या वाडीची बाई आणणार, तेही माहीत होतं.

"थांब गं," थोरली म्हणाली. "हा पट्टा मी घेते."

मुकादमानं तिच्याकडे पाहिलं. "तुला चालेल?"

"न चालायला काय झालं?"

ती आत शिरली. पानांवरचं पाणी पोटऱ्यांना लागलं, लुगडं ओलं झालं. तिनं बसकण मारली, डाव्या हातानं मूठभर ताटं धरली आणि विळा ओढला. कर्रकन आवाज झाला. कापलेल्या ताटाचा ओला, गोडसर वास आला. तिनं ती बाजूला ठेवली आणि पुढची मूठ धरली. ती जमिनीपासून थोडं वर कापत होती. का, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. हात तसा चालत होता.

थोड्या वेळानं पलीकडच्या टोकाला काहीतरी हललं. म्हातारा होता. हातात घरचं खुरपं, डोक्यावर पोत्याची खोळ. मुकादम ओरडला, "ओ आजोबा, म्हाताऱ्या माणसांना काम नाही इथं!"

"काम नको," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला.

मुकादम काठी घेऊन दोन पावलं पुढं आला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, दगडावर बसून तंबाखू मळायला लागला.

दोघं दोन टोकांकडून एकमेकांकडे सरकत राहिले. म्हातारा हळू होता, पण थांबत नव्हता. खुरपं खोल घालायचा, ताट मुळासकट उपटायचा, मुळाची माती दोनदा झटकून ती जागच्या जागी टाकायचा, आणि ताट उलटं ठेवायचा, मुळं वर. रोपाशी आला की खुरपं ठेवून बोटांनी काढायचा. धुकं गेलं, ऊन आलं, पाठ तापली. उलटी ठेवलेली मुळं पांढरी होती, वाळून राखाडी व्हायला लागली.

मध्ये हातभर अंतर राहिलं तेव्हा म्हातारा थांबला. तिच्या मागं कापलेल्या ओळीकडे त्यानं पाहिलं. बुंधे जमिनीतून बाहेर दिसत होते, हिरवे, ओले.

"असं नको," तो म्हणाला. "मुळासकट काढ."

तिनं विळा खाली ठेवला. "मामा, फुटेल की पुन्हा."

"फुटेल. मग पुन्हा यावं लागेल काढायला."

"मी येईन."

"कितीदा येशील?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, समजूतही नव्हती. भांडं कुठं ठेवलंय ते सांगावं तसा आवाज. त्यानं आपलं खुरपं तिच्यापुढं केलं, तिचा विळा स्वतःजवळ ओढला, आणि तिच्या कापलेल्या ओळीत उलटा शिरून एकेक बुंधा विळ्याच्या टोकानं उकरायला लागला. तीही मागं फिरली. दोघांनी मिळून ती सगळी ओळ पुन्हा काढली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नाकातून पाणी गळत होतं, ते वाकून वाकून.

संध्याकाळी मुकादम पट्टा बघत वरपासून खालपर्यंत चालत आला. रोपं तेवढी उभी, मध्ये नुसती काळी माती. इतर पट्ट्यांत इकडेतिकडे गवताचे झुबके राहिले होते. इथं काडी नव्हती.

"साफ काढलंत," तो म्हणाला. मग त्यानं थोरलीच्या हातावर मजुरी ठेवली आणि तेवढीच आणखी म्हाताऱ्यापुढं धरली. "धरा, आजोबा. दिवसभर बसला होतात."

म्हाताऱ्यानं त्या नोटांकडे बघितलं. हात मातीचा होता, तो त्यानं आधी मांडीला पुसला. मग पुढं केला.

"उद्या पलीकडच्या डोंगरावर आहे काम," मुकादम म्हणाला. "हात चांगला आहे तुमचा. यायचं असेल तर या."

"कधी यायचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"उजाडलं की."

बाया निघाल्या. ढोलीनं उपटलेल्या नाचणीचा भारा शेळ्यांसाठी बांधून थोरलीच्या डोक्यावर चढवला आणि पुढं गेली. खाली उतरताना वाट अशी नव्हतीच, रोपांमधूनच जावं लागायचं. म्हातारा पुढं होता. प्रत्येक रोपाशी तो पाय उचलून बाजूला टाकत होता, पिकात चालणारा माणूस टाकतो तसा.

नवरा अंगणात उभा होता. म्हाताऱ्याकडे बघायचं त्यानं टाळलं. थोरलीनं भारा शेळ्यांपुढं टाकला. शेळ्या तुटून पडल्या.

"झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"झालं. उद्या दुसरीकडं आहे. मामापण येणार आहेत."

"कशाला?"

"कामाला."

नवरा शेळ्यांकडे बघत राहिला. वाईट हात त्यानं काखेत धरला होता. आत म्हातारा हातपाय धूत असल्याचा आवाज येत होता, दगडावर टाच घासल्याचा.

"मग डबा दोघांचा लागेल," नवरा म्हणाला.

घरात डबा एकच होता. म्हाताऱ्याचं एखाद्या फडक्यात बांधता येईल, असं म्हणून ती चूल पेटवायला आत गेली.